परसदारी कासव ठेवायचेच असेल तर

आपल्या मंडळातल्या कोणाच्या नव्या घरी गेले की हल्ली एक प्रश्न हमखास कानावर येतो. स्वयंपाकघर पाहून होते, देवघराची जागा पाहून होते आणि मग यजमान मागचे दार उघडून भिंतींनी वेढलेले बॅकयार्ड दाखवतात. "काकू, कुत्रा सांभाळणे जमणार नाही. मुलांसाठी इथे कासव ठेवावे म्हणतो. कोणते घेऊ?"

मी आयुष्यभर प्राणिशास्त्र शिकवले, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे येणे साहजिक आहे. पण चहाचा कप हातात घेऊन पाच मिनिटांत देण्यासारखे ते उत्तर नाही. म्हणून यंदाच्या दिवाळी अंकात ते सविस्तर लिहिते. निष्कर्ष आधीच सांगून टाकते, म्हणजे फराळाची ताटे येईपर्यंत ज्यांना एवढेच वाचायला वेळ आहे त्यांचेही काम होईल. तुम्ही फिनिक्समध्ये किंवा आसपास राहत असाल, तर इथले सोनोरन वाळवंटी कासव दत्तक घ्या. आफ्रिकेतले सुलकाटा घेऊ नका. भारतातले तारा कासव मनातही आणू नका. आणि घरात पुढच्या पन्नास वर्षांचा विचार करायची तयारी नसेल, तर कोणतेच घेऊ नका.

आता कारणे सांगते.

पहिली अडचण आपल्या भाषेतच आहे. समुद्रातले, तळ्यातले आणि जमिनीवरचे, तिन्ही प्राण्यांना आपण मराठीत 'कासव'च म्हणतो. त्यातून आपल्यापैकी अनेकांचे लहानपण विहिरीत सोडलेले कासव पाहण्यात गेले. पाणी स्वच्छ राहते म्हणून ते सोडत. त्यामुळे कासव म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पाणी येते. इथे बॅकयार्डमध्ये पाळतात ते जमिनीवरचे कासव. त्याचे पाय हत्तीसारखे खांबासारखे असतात, बोटांमध्ये पडदे नसतात आणि त्याला पोहता येत नाही. त्याला पिण्यासाठी उथळ परात लागते. स्विमिंग पूल म्हणजे त्याचा मृत्यू. पूलला कुंपण नसेल तर पुढचे वाचण्याआधी ते घालून घ्या.

कासव निवडताना माणसे पाठीवरची नक्षी पाहतात. मी सांगेन, तीनच गोष्टी पाहा. तुमच्या गावची हवा त्याला मानवते का, पूर्ण वाढ झाल्यावर ते केवढे होते, आणि ते किती वर्षे जगते. दुकानातल्या काचेच्या पेटीत या तिन्हींपैकी एकही गोष्ट दिसत नाही. तिथे दिसते ते फक्त पिल्लू. पिल्लू कोणत्याही जातीचे असो, गोंडसच असते.

सुलकाटाचे उदाहरण घ्या. अंड्यातून बाहेर येते तेव्हा ते मोठ्या पेढ्याएवढे, जेमतेम दोन इंच असते. कुटुंबाने एकदा हॉटेलात जेवायला जावे तेवढ्या पैशात मिळते. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेला सेनेगलपासून इथिओपियापर्यंत जो कोरडा पट्टा आहे, तिथला हा प्राणी. गालापागोस आणि अल्डाब्रा या बेटांवरची महाकाय कासवे सोडली, तर जगातले सर्वांत मोठे भूकासव हेच. नर सहज शंभर पौंडांच्या वर जातो, काही तर दोनशेच्याही वर. उन्हापासून वाचण्यासाठी ते दहा-दहा फूट लांब बीळ खोदते. आफ्रिकेत हे शहाणपण आहे. आपल्या सबडिव्हिजनमध्ये तेच बीळ शेजाऱ्याच्या भिंतीखालून, नाही तर पाणी सोडण्याच्या पाइपखालून जाते. लाकडी फाटक आवडले नाही तर ते फाटकातून आरपार जाते, कारण अडथळा हा वळसा घालण्यासाठी असतो हे त्याला मान्यच नसते.

शिवाय सुलकाटाला शीतनिद्रा ठाऊक नाही. फिनिक्समध्ये डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा गोठणबिंदूजवळ उतरतो. त्या काळात त्याला ऊब दिलेले, कोरडे घर लागते, रोज. आता आपल्याकडचा हिशेब करा. डिसेंबरच्या सुट्टीत आपण काय करतो? पाच आठवड्यांची रजा जमवून पुणे, नागपूर, कोल्हापूर गाठतो. घराची किल्ली मित्राकडे देता येते, झाडांना पाणी घालायलाही कोणी भेटते. पण रोज संध्याकाळी नव्वद पौंडांचा प्राणी खोलीत ढकलून हीटर चालू आहे ना हे पाहणारा मित्र मिळवायला पुण्य लागते.

माझ्या माहितीतल्या एका कुटुंबाने मुलाच्या आठव्या वाढदिवसाला सुलकाटा आणले. मुलगा कॉलेजसाठी बॉस्टनला गेला तेव्हा कासव साठ पौंडांचे होते आणि अजून वाढत होते. वडिलांची नोकरी बदलली, घर विकायचे ठरले, नव्या शहरात बर्फ पडतो. त्यांनी आश्रयस्थानांना फोन केले. सगळीकडून एकच उत्तर आले, जागा नाही. शेवटी गावाबाहेर मोठी जागा असलेल्या एका सद्गृहस्थाने ते नेले. हे कुटुंब काही बेजबाबदार नव्हते. पेढ्याएवढे कासव हातावर ठेवताना शंभर पौंडांचे कासव त्यांना कोणी दाखवले नव्हते, एवढेच. ज्यांना असा सद्गृहस्थ भेटत नाही, त्यांच्यातले काहीजण रात्री गाडी काढतात आणि कासव वाळवंटात सोडून येतात. ते पाप आहे, आणि कायद्यानेही गुन्हा आहे.

विरोधाभास असा की आफ्रिकेत हीच जात संकटात आहे. माळ संपले, गुरे वाढली, माणसांनी पिल्ले पकडली. २००० सालापासून रानातून पकडलेल्या सुलकाटाच्या व्यापारी निर्यातीचा आंतरराष्ट्रीय कोटा शून्य आहे. त्याच वर्षी अमेरिकेनेही सुलकाटा आणि बिबट्या कासव यांच्या आयातीवर बंदी घातली, कारण त्यांच्या अंगावरच्या गोचिडांमधून गुरांचा एक घातक रोग येण्याची भीती होती. तरीही इथे पिल्लांचा तुटवडा नाही, कारण एकेक मादी एका वेळी वीस-तीस अंडी घालते आणि ती उबवणे सोपे आहे. म्हणजे जिथे हवीत तिथे ती संपत चालली आहेत, आणि जिथे नकोत तिथे त्यांना घर मिळत नाही. आपण विकत घेतलेल्या प्रत्येक पिल्लामुळे आणखी एक पिल्लू उबवले जाते, हे लक्षात ठेवा.

आता तारा कासवाविषयी. हा विषय खास आपला आहे. काळ्या कवचावर पिवळ्या रेषांची चांदणी असलेले हे देखणे कासव गुजरात-राजस्थानात, दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत आढळते. "आपल्याकडचे आहे ना, मग तेच ठेवू," असे मला एकाहून अधिक जणांनी म्हटले आहे. भावना समजते. पण याच देखणेपणाने त्याचा घात केला आहे. जगात सर्वाधिक तस्करी होणाऱ्या भूकासवांपैकी ते एक आहे. सामानाच्या बॅगांत मोज्यांमध्ये गुंडाळून, चिकटपट्टीने पाय बांधून शेकड्यांनी नेलेली ही कासवे भारतातल्या विमानतळांवर अनेकदा पकडली गेली आहेत. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली ते घरात ठेवणे गुन्हा आहे, आणि २०१९ साली त्याला आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या करारात सर्वांत कडक संरक्षणाच्या पहिल्या परिशिष्टात टाकले गेले. इथल्या बाजारात 'पैदास केलेले' म्हणून मिळणाऱ्या तारा कासवाचे पणजोबा कोणत्या बॅगेतून आले, हे विक्रेत्यालाही सांगता येणार नाही. मातृभूमीची आठवण म्हणून ठेवण्यासारख्या वस्तू पुष्कळ आहेत. ही त्यातली नव्हे.

रशियन कासवाचे नाव बरेचजण घेतात. सहा-आठ इंचांचे, चिवट, कझाकस्तान-उझबेकिस्तानच्या गवताळ प्रदेशातले. याच जातीची दोन कासवे १९६८ च्या सप्टेंबरमध्ये सोव्हिएत झोंड-५ यानातून चंद्राला वळसा घालून जिवंत परत आली, माणसांच्या अपोलो-८ च्या तीन महिने आधी! कडाक्याची थंडी ते बिळात झोपून काढते. त्यामुळे डेन्व्हर किंवा सॉल्ट लेक सिटीच्या नातेवाइकांनी विचारले तर मी या कासवाचे नाव सुचवीन. अट एवढीच, की ते रानातून पकडून आणलेले नसावे आणि ज्याला आधीचे मालक सांभाळू शकत नाहीत असे असावे. फिनिक्सचा उन्हाळा मात्र त्याच्यासाठी फार आहे. २०२३ साली आपण सलग ३१ दिवस ११० अंश किंवा त्याहून जास्त तापमानात काढले, ते आठवा. लाल पायांचे दक्षिण अमेरिकी कासवही सुंदर असते, पण ते दमट जंगलांच्या कडेचे आहे. फ्लोरिडातल्या मराठी घरात ते सुखी राहील. आपल्या कोरड्या हवेत वाढत्या वयात आर्द्रता कमी पडली की अशा कासवांच्या पाठीवर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात, ते पुन्हा कधीच जात नाहीत.

राहिले ते इथलेच कासव. कोलोरॅडो नदीच्या पूर्वेला आणि दक्षिणेला, ॲरिझोनापासून मेक्सिकोच्या सोनोरा राज्यापर्यंत राहणारे सोनोरन वाळवंटी कासव. नदीपलीकडचे मोहावी कासव आणि हे एकच असे बरीच वर्षे मानले जाई. २०११ साली ती दोन वेगळी ठरली आणि आपल्या कासवाला गोफेरस मोराफ्काय हे स्वतःचे नाव मिळाले. पूर्ण वाढलेले कासव साधारण फूटभर लांब असते. एक माणूस ते दोन हातांनी सहज उचलू शकतो. इथला उन्हाळा त्याला नवा नाही, तो ते बिळात काढते आणि मान्सूनचा पाऊस आला की बाहेर येऊन पाणी पिते, चरते. ऑक्टोबरच्या अखेरीला बिळात शिरते ते मार्चच्या सुमारास बाहेर पडते. म्हणजे तुम्ही डिसेंबरात नातेवाइकांकडे पुरणपोळी खात असता तेव्हा हे महाशय गाढ झोपलेले असतात. आपल्या वार्षिक वेळापत्रकाला इतके साजेसे दुसरे जनावर मला माहीत नाही.

हे कासव विकत मिळत नाही आणि रानातून उचलणे बेकायदा आहे. ॲरिझोनाचा गेम अँड फिश विभाग ते दत्तक देतो. तुम्ही म्हणाल, सरकारकडे कासवे आली कुठून? लोकांनी घरात बेकायदा पैदास केलेली, मालक वारल्यामुळे पोरकी झालेली, घर बदलताना सोडून दिलेली. एकदा माणसाजवळ राहिलेले कासव पुन्हा रानात सोडता येत नाही, कारण त्याच्या श्वसनमार्गातला संसर्ग रानातल्या कासवांमध्ये पसरू शकतो. म्हणून त्यांना घरेच हवीत. नर आणि मादी एकत्र ठेवायची नाहीत, कारण एक मादी दीर्घ आयुष्यात शेकडो पिल्लांची आई होऊ शकते. आणि राज्याबाहेर ते नेता येत नाही. दत्तक देताना तुमच्याकडे बंदिस्त जागा, बीळ, सावली आणि कुत्र्यापासून संरक्षण आहे का, हे तपासतात. आपल्यातल्या काहींना ही चौकशी अपमानास्पद वाटते. मुलगी देताना आपण किती चौकशी करतो? तेवढे समजून घ्या.

खाण्याचे म्हणाल तर मराठी बागेतले बरेच काही त्याला चालते. जास्वंदीची फुले आणि पाने हे त्याचे पक्वान्न आहे. निवडुंगाची फणी आणि लाल बोंडे, द्राक्षवेलीची आणि तुतीची पाने, रानगवत. पण पोळी, भात, पनीर, कुत्र्याचे खाणे यांतले काहीही देऊ नका. 'एक घास' म्हणूनसुद्धा नको. नैवेद्याचा शिरा तर नकोच नको. आणि कण्हेर! या गावात घराघराच्या कुंपणाला कण्हेर लावलेली आहे, आपण पूजेला फुले तोडतो, पण तिचे पान न् पान विषारी आहे. कासवाच्या आवाक्यात ती असता कामा नये.

लहान मुलांच्या आई-वडिलांना आणखी एक सांगायचे आहे. कासवांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात. पिल्ले तोंडात घालून मुले आजारी पडत, म्हणून १९७५ पासून या देशात चार इंचांहून लहान कवचाची कासवे विकण्यावर बंदी आहे. कासवाला हात लावला की साबणाने हात धुवायचे, हा नियम आजी-आजोबांनाही लागू. आणि मुलांना घेऊन साउथ माउंटनला फिरायला गेलात आणि रानातले कासव दिसले, तर उचलू नका. ते मूत्राशयात पाणी साठवून कोरडे महिने काढते. घाबरले की ते सगळे पाणी टाकून देते आणि पुढच्या पावसापर्यंत तहानेने मरू शकते. भररस्त्यात असेल तरच जमिनीलगत धरून, ते ज्या दिशेला निघाले होते त्याच बाजूला ठेवा.

माझ्या या मतावर एक आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. एका तरुण मित्राने विचारले, "काकू, तुम्ही स्वतः साता समुद्रापलीकडून आलात. मग 'इथलेच चांगले, बाहेरचे नको' हे तुम्ही कसे म्हणता?" मी म्हटले, मी अर्ज करून आले. थंडी वाजली तर स्वेटर घालते, ऊन लागले तर थर्मोस्टॅट खाली करते, नाहीच पटले तर तिकीट काढते. कासवाला यातले एकही करता येत नाही. त्याचे शरीर बाहेरच्या ऊन-थंडीप्रमाणे गरम किंवा गार होते. माणूस देश बदलतो तेव्हा तो आपली हवा सोबत घेऊन जातो. कासवाचे घर पाठीवर असते असे आपण म्हणतो खरे, पण त्याचे खरे घर म्हणजे त्याची माती, तिची ओल आणि तिथले ऋतू. ते पाठीवर बांधून नेता येत नाही. हा भेद माणसांना लावू नका, पण कासवांना लावायला विसरू नका.

संतांनी कासवीला मोठे मानाचे स्थान दिले आहे. ती नुसत्या नजरेने पिलांचे पोषण करते, अशी ती कल्पना. प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी म्हणून सांगते, खरी कासवी अंडी मातीत पुरते आणि निघून जाते. काही काळ काही जातींच्या माद्या घरट्याजवळ घुटमळतात, एवढेच. पिल्लाला जन्मापासून आईची माया मिळत नाही आणि ती लागतही नाही. त्याला योग्य जागा लागते. तुम्ही कासवावर कितीही प्रेम केलेत तरी चुकीच्या जागेची भरपाई त्याने होत नाही. बरोबर जागा दिलीत तर तुमचे प्रेम त्याला कळले नाही तरी चालते. ज्याला हे पटेल, त्यानेच कासव पाळावे. ज्याला शेपूट हलवणारे, मांडीवर बसणारे जनावर हवे, त्याने दुसरे काही पाहावे.

शेवटचा मुद्दा आयुष्याचा. माझ्या वयाच्या मंडळींनो, हा तुमच्यासाठी आहे. वाळवंटी कासव पन्नास ते ऐंशी वर्षे जगते. मुले उडून गेली, घर रिकामे झाले, म्हणून सत्तराव्या वर्षी सोबतीला कासव घ्यावे असे वाटते. जरूर घ्या, पण पिल्लू घेऊ नका. मोठे झालेले, कोणाचे तरी पोरके झालेले घ्या. आणि आपल्यामागे त्याचे काय, हे मृत्युपत्र करताना लिहून ठेवा. नुसते 'मुले बघतील' म्हणू नका. मुलगा सिॲटलला असेल तर त्याला ते कायद्याने नेताच येणार नाही. ॲरिझोनातच राहणाऱ्या कोणाशी तरी बोलून, त्याचा होकार घेऊन ठेवा. आपल्या मंडळात दागिने कोणाला, फ्लॅट कोणाला, यावर तास न् तास चर्चा होतात. आपल्या नंतर तीस वर्षे जगणाऱ्या जिवासाठी दोन ओळी लिहायला काय हरकत आहे?

ज्यांना हे सगळे वाचून 'नकोच ते' असे वाटले, त्यांचाही मला आनंद आहे. तुम्ही एक कासव वाचवले असेच मी समजते. आणि ज्यांना अजून हवेच आहे, त्यांना एक सोपा कार्यक्रम देते. दत्तक कासवे साधारणपणे ती जागी असतात त्याच महिन्यांत दिली जातात. आता दिवाळी आहे, ती झोपायला निघाली आहेत. तेव्हा ही थंडी तुमच्या हाती आहे. कण्हेर काढा, पूलला कुंपण घाला, भिंतीलगत सिमेंटच्या ठोकळ्यांचे आणि मातीचे बीळ बांधा, जास्वंद आणि निवडुंग लावा. विभागाच्या ताज्या अटी वाचून अर्जाची तयारी ठेवा. मुलांना या कामात हाताशी घ्या. चार महिने माती उकरूनही त्यांचा उत्साह टिकला, तर मार्चनंतर मला फोन करा. बीळ पाहायला मी येईन.

आपणा सर्वांना दीपावलीच्या शुभेच्छा.